कारणाचा रकाना

रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या घरात कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. संत तुकाराम नगरमधलं दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, मिक्सर लावला तरी खालच्या काकू वर बघतात, आणि तिथे माझे सासरे अण्णासाहेब गॅलरीतून हवेचा पाइप आत ओढून आणायचे, तोंडाला रुमाल बांधायचे आणि पंख्याच्या पात्यांपासून सोफ्याच्या फटींपर्यंत सगळ्या घराला हवा मारायचे. कारखान्यात शिफ्ट संपली की मशीनवरचा बारीक कीस हवेच्या गनने उडवतात, जाता जाता स्वतःच्या कपड्यांवरही मारून घेतात. तीच रीत घरात आणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पण आमच्या या कंपन्यांच्या पट्ट्यात कुणाला सांगितलं तर तो हसत नाही, उलट मान डोलावतो. "हवा मारली की कानाकोपऱ्यातली धूळ निघते," म्हणतो. निघते खरी, पण मग जाते कुठे, हे कुणी विचारत नाही.

ती माझ्या मुलीच्या छातीत जात होती. हे मला कळायला पाच महिने लागले आणि अण्णांना पटायला आणखी दोन.

आता कुणाला वाटेल, अण्णा म्हणजे घरभर पसारा करणारा म्हातारा. तसं असतं तर सोपं होतं, चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. अडचण ही की आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये अण्णांइतका स्वच्छ माणूस नाही. लातूरकडून चौऱ्याऐंशी साली पिंपरीत आले, हेल्पर म्हणून कंपनीत लागले आणि चौतीस वर्षांनी क्वालिटीचे इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. माझ्या सासूबाई, कस्तुरा, गेल्या त्याला पाच वर्षं झाली. त्या गेल्या त्याच आठवड्यात अण्णांनी केरसुणी हातात घेतली. सून तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला, मुलगा समाधान चाकणला शिफ्टमध्ये, तेव्हा घर माझ्याकडे, असं त्यांनीच ठरवून टाकलं. सोनूला शाळेतून आणणं, तिला खाऊ घालणं, अभ्यासाला बसवणं, हेही सगळं त्यांच्याकडेच. खोटं कशाला बोलू, त्यांच्या जिवावर आमचा संसार चालला होता.

सकाळी साडेपाचला केर. मग गाद्या काठीने बडवायच्या, त्याही खोलीतच, कारण गॅलरीत बडवल्या तर खालच्यांच्या वाळवणावर धूळ पडते आणि शेजाऱ्याला त्रास देणाऱ्यातले अण्णा नाहीत. मग सासूबाईंनी हाताने शिवलेली गोधडी, जी सोनू पांघरते, ती दोन्ही हातांनी फाडफाड झटकायची. ती गोधडी कधी धुवायची नाही. धुतली तर टाके उसवतील, आणि ते टाके पुन्हा घालणारं कुणी राहिलेलं नाही. मग बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर कोरड्या फडक्याने पुसायची, दोन अगरबत्त्या लावायच्या आणि वंदना म्हणायची. चौदा एप्रिल जवळ आला की माळ्यावरची भांडीसुद्धा खाली यायची.

क्वालिटीतल्या प्रत्येक माणसाकडे एक ठरलेलं व्याख्यान असतं. अण्णांचं आम्हाला पाठ होतं. पार्ट बिघडला की सुपरवायझर फॉर्मवर कारणाच्या रकान्यात लिहायचा, 'ऑपरेटरची चूक'. अण्णा तो फॉर्म तसाच परत पाठवायचे. "माणसावर ढकलणं सोपं असतंय," ते सांगायचे. "आधी मशीन बघा, माल बघा, पद्धत बघा. माणूस सगळ्यात शेवटी." हे त्यांनी माझ्या साखरपुड्यात माझ्या वडिलांनाही ऐकवलं होतं.

तर सोनू. माझी मुलगी, आठ वर्षांची, तिसरीत. जूनमध्ये तिला सकाळचा खोकला लागला, तो जाईना. खोकून खोकून दमायची, श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायची. जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबायची आणि मला म्हणायची, "आई, तुझी बॅग जड असेल ना, थांबू या." डॉक्टर तेजस्विनी मॅडमनी तपासलं, बालदमा आहे म्हणाल्या, पंप लिहून दिला. बाहेर गर्दी होती, घाईत एवढंच सांगितलं, "घर स्वच्छ ठेवा, धुळीपासून जपा." सोबत अण्णा होते.

घर स्वच्छ ठेवा, हे अण्णांना सांगितलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. चौतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा माल परत पाठवला होता. दुसऱ्या दिवशी चिखलीला वर्कशॉप असलेल्या त्यांच्या मित्राकडून, बुद्धरत्न काकांकडून, छोटा कॉम्प्रेसर घेऊन आले. काठी आणि केरसुणीने जे निघत नाही ते आता हवेनं काढणार होते. आणि सोनूने हे सगळं सोफ्यावर पाय वर घेऊन बघायचं, कारण आजोबांची ती गन तिला फार आवडायची.

नोव्हेंबरात एका सोमवारी तिचे ओठ निळसर दिसायला लागले. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये काढले. सुटी देताना मॅडम म्हणाल्या, असा झटका पुन्हा येऊ द्यायचा नाही, दरवेळी वेळेत पोचाल असं नाही. ते वाक्य डोक्यात घेऊन मी दोन दिवसांनी एकटीच त्यांच्याकडे गेले. तेव्हा त्यांनी इतक्या महिन्यांत कुणी न विचारलेला प्रश्न विचारला, "घर साफ कसं करता?"

मी सांगत गेले. कॉम्प्रेसरवर आले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी नीट समजावलं. गादी, उशी, गोधडी यांत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात, त्यांच्या विष्ठेने पोरांच्या श्वासनळ्या सुजतात. कोरडं झाडलं, बडवलं, झटकलं की ते सगळं हवेत उडतं आणि बराच वेळ तरंगत राहतं. ओल्या फडक्याने पुसा. पांघरुणं आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुवा. गाद्या-उश्यांना चेनची घट्ट कव्हरं घाला. साफसफाई चालू असताना मुलगी घरात नको, अगरबत्तीचा धूर नको. मी सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकाच माणसावर.

घरी येऊन सांगितलं, तर अण्णा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या पेन्शनचे कागद फाडलेत.

"ओल्या फडक्यानं धूळ जात न्हाई, चिखल होतोय," ते म्हणाले. "तू मला साफसफाई शिकवायलीस का? चौतीस वर्षं माझ्या लाइनवर ऑडिटरला बोट ठेवायला जागा घावली न्हाई."

"डॉक्टर सांगतायत, अण्णा."

"डॉक्टरीण बाई कधी आल्या आपल्या घरी? पुरावा दाखव. मोजून दाखव."

अण्णा चिडले की त्यांच्या बोलण्यात लातूर येतं, आणि त्या महिन्यात ते रोज येत होतं. समाधानला म्हटलं, तू बोल. तो चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आलेला, म्हणाला, "तू बोलतेयस ना, मी आणखी काय बोलू? त्यांचं वय बघ." वय मी बघत होतेच, पण मला मुलीचंही बघायचं होतं. आणि हा माणूस स्वतः रोज सुटताना अंगावर हवा मारून घरी येतो, त्याच्याकडून मी कसली अपेक्षा ठेवणार होते.

मोजायचं साधन मॅडमनीच दिलं होतं. प्लॅस्टिकची एक नळी, तिच्यात जोरात फुंकायचं, काटा पुढे सरकतो. आकडा जितका मोठा तितक्या श्वासनळ्या मोकळ्या. सोनूचा दोनशेच्या वर हवा, दीडशेच्या खाली गेला तर धोका. अण्णांनी ती नळी हातात घेतली आणि किती दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला. "आता कसं," म्हणाले. त्याच दुपारी आलेख कागद आणला, लोखंडी कपाटाच्या दारावर चिकटवला. दोनशेवर हिरवी रेघ, दीडशेवर लाल. खाली रकाने पाडले. तारीख, रीडिंग, कारण, उपाय, सही. सकाळी सात, संध्याकाळी सात, दर वेळी तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे घरात आम्ही दोघं क्वालिटीवाले. कामाची चोख पद्धत बघून मला बरंच वाटलं. आता आलेखच बोलेल, असं मी समजले.

आलेख बोलला. रविवारी सकाळी एकशे नव्वद, संध्याकाळी एकशे साठ, सोमवारी सकाळी एकशे पंचावन्न. मग हळूहळू वर. पुन्हा रविवार, पुन्हा खड्डा. आंधळ्यालाही दिसावं असं दर सोमवारी खड्डा.

पहिल्या सोमवारी अण्णांनी लिहिलं, 'कारण: रविवारचं मटण, फोडणीचा धूर. उपाय: खिडकी उघडणे.' दुसऱ्या सोमवारी, 'कारण: टेडी.' सोनूचं केसाळ अस्वल पोत्यात घालून माळ्यावर गेलं, ती तासभर रडली, त्याने आणखी खोकली. तिसऱ्या सोमवारी मी डबा घेऊन निघाले होते आणि सहज नजर गेली. 'कारण: रविवारी मिनल दिवसभर घरी.'

मिनल म्हणजे मी. पाच वेळा वाचलं.

"रविवारी मी घरी असते तसा तुमचा कॉम्प्रेसरही घरीच असतो, अण्णा," मी म्हटलं. माझा आवाज खालच्या काकूंपर्यंत गेला असणार.

"कॉम्प्रेसर घाण काढतोय, आणत न्हाई."

"मग एक महिना बंद ठेवून बघा. तुम्हीच म्हणता ना, एक गोष्ट बदला आणि बघा."

"म्हणजे महिनाभर पोरीला घाणीत ठेवू?" ते म्हणाले. तिथेच माझे हात टेकले. त्यांचं प्रेम कमी असतं तर मी भांडून घेतलं असतं. त्यांना सोनूचा एक खोकला ऐकवत नव्हता, आणि दर खोकल्यागणिक ते आणखी जोरात झाडत होते.

जानेवारीत त्यांचं श्रामणेर शिबिर आलं. तळेगावच्या पुढच्या विहारात दहा दिवस भिक्खूंसारखं चीवर नेसून, डोकं भादरून राहायचं. दरवर्षी जातात. या वर्षी सोनूला सोडून जायचं की नाही यावर दोन दिवस घोळ घातला, शेवटी निघाले. दारात मला म्हणाले, "रीडिंग चुकवायचं न्हाई. आणि खरं लिहायचं."

"मी खोटं लिहीन का?"

"लिहिणारे लिहितात."

रिक्षा वळली तशी मी गरम पाण्याचा हीटर लावला. ऑफिसात सांगून दहा दिवस घरून काम घेतलं. गाद्यांना कव्हरं घातली. केरसुणी गॅलरीत ठेवून दिली. सोनूला खाली काकूंकडे पाठवायची आणि ओल्या फडक्याने कोपरे पुसायची, पंखासुद्धा. अगरबत्तीऐवजी फुलं ठेवली. गोधडी कडक पाण्यात घालण्याआधी मात्र तिचे टाके एकेक करून बघून घेतले. मनातल्या मनात सासूबाईंची माफी मागितली. तीन पाणी काढली, तिसरंही काळंच निघालं. एक टाका उसवला नाही.

चौथ्या दिवशी सोमवार होता, एकशे नव्वद, आणि खड्डा नाही. सातव्या दिवशी दोनशे पाच. नवव्या दिवशी दोनशे पंचवीस. त्या दिवशी दुकानातून येताना सोनू माझ्या पुढे जिना चढून गेली आणि वरून ओरडली, "आई, किती हळू चालतेस."

मग अण्णांना काय काय ऐकवायचं ते घोकायला लागले. पहिलं वाक्य तयार होतं, दुसरं तयार होतं. टेडीचं वाक्य राखून ठेवलं होतं.

रविवारी दुपारी ते आले. तुळतुळीत डोक्यावरून सोनूने हात फिरवून घेतला. पाणीसुद्धा न पिता ते कपाटापाशी गेले, चष्मा लावला आणि रेघेवरून बोट फिरवत गेले. शेवटच्या टिंबावर बोट थांबलं.

"मीटर बदलला का?"

"नाही."

"पंपाचा डोस?"

"तोच."

"गोधडी?"

"धुतली. कडक पाण्यात. टाका नाही उसवला."

त्यांनी गोधडी हातात घेतली, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि पलंगावर बसले. मी गप्प बसायला हवं होतं. पण घोकलेलं वाक्य आत राहवेना. "पुरावा मागितला होतात ना, अण्णा," मी म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही, पण झाला, हे कबूल करते.

सोमवारी मी ऑफिसातून साडेसहाला आले. गॅलरी रिकामी होती, बुद्धरत्न काका कॉम्प्रेसर घेऊन गेले होते. सोनू वही उघडून बसली होती आणि वहीवर टिपं पडत होती. दाराशी अण्णांची बॅग. अण्णा खुर्चीत बसलेले, पायात बूट. घरात बूट घालून बसलेले अण्णा मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिले.

"आठची लातूर गाडी हाय वल्लभनगरवरून," ते म्हणाले. "धाकट्याकडं चाललोय. सोनूचं शाळेतून आणायचं बघा तेवढं."

मी कपाटाकडे वळले. दहा दिवसांच्या खाली, त्यांच्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं, 'कारण: ऑपरेटर. उपाय: ऑपरेटर हलवला.' शेजारी सही.

"हे काय आहे?"

"दहा दिवस मी नव्हतो, पोरगी बरी होती. आलेख खोटं बोलत न्हाई."

"दहा दिवसांत गाद्यांना कव्हरं घातली, गोधडी धुतली, झाडणं बंद केलं, धूर बंद केला. ते नाही दिसलं?"

"मी असतो तर करू दिलं असतं का?" त्यांनी विचारलं. "मग. रोज सकाळी ह्या हातानं मी तिच्या छातीत धूळ भरली, मिनल. स्वच्छता समजून. कस्तुरानं एक पोरगी सांभाळायला ठेवली होती माझ्याकडं."

मला त्यांना हरवायचं होतं. घालवायचं नव्हतं. दोन महिने मी ज्या माणसावर जळफळत होते तो माझ्यासमोर बूट घालून बसला होता, आणि आता तर माझा राग आणखी वाढला. म्हणजे पटायलाही या माणसाला अर्धवट पटत नाही, पटलं की एकदम लातूर.

"चौतीस वर्षं फॉर्म परत पाठवलेत ना?" मी म्हटलं. "माणसावर ढकलणं सोपं असतंय, हे कोण सांगत होतं? माझ्या वडिलांना साखरपुड्यात कुणी ऐकवलं? आणि स्वतःची वेळ आली तेव्हा हे लिहिता? हा फॉर्म मी परत पाठवतेय."

पेन घेतलं आणि 'ऑपरेटर' या शब्दावर गिचमिड खोडून वर लिहिलं, 'पद्धत'.

अण्णा ताडकन उठले. "असं खोडायचं न्हाई. एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख."

"मला नाही येत. तुम्ही करून दाखवा."

ते पुढे आले, थांबले, खाली बघितलं. पुसलेल्या फरशीवर बूट. खाली बसून त्यांनी एकेक बूट काढला, दाराबाहेर ठेवला आणि परत आले. नवीन ओळ आखली. लिहिलं, 'कारण: पद्धत.' मग पेन उपायाच्या रकान्यावर टेकवून माझ्याकडे बघितलं.

"उपाय काय लिहू? सांग."

या घरात आले त्याला दहा वर्षं झाली, काय करायचं हे अण्णांनी मला विचारलं ते तेव्हा पहिल्यांदा. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. रकाना पुरला नाही, समासात लिहिलं. "उपाय तुझा, सही तुझी," म्हणत पेन माझ्या हातात दिलं. तेवढ्यात सोनू नळी घेऊन आली, सात वाजले म्हणाली. तीनदा फुंकली. दोनशे वीस. अण्णांनी चौथ्यांदा फुंकायला लावलं, नियमात नसताना.

आठची लातूर गाडी वेळेवर गेली असावी. आम्हाला कळलं नाही. बादलीतलं फडकं किती पिळायचं यावरून तेव्हा आमचं भांडण चालू होतं.